दिव्यांगविषयक संशोधनासाठी संख्याशास्त्राची मदत कशी घ्यावी: खानदेशातील संशोधकांसाठी मार्गदर्शक

विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाकडे एक वाक्य वर्षभर येत राहते: ‘सर, डाटा गोळा झालाय, फक्त टेस्ट लावून द्या.’ शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र अशा कोणत्याही विषयाचा संशोधक असो, प्रश्नावल्या भरून झाल्यावर आणि प्रबंध सादर करण्याची तारीख तोंडावर आल्यावरच त्याला संख्याशास्त्राची आठवण होते. इतर विषयांत एवढा उशीर कसाबसा निभावून नेता येतो. दिव्यांगांविषयीच्या संशोधनात तो बहुधा निभत नाही, कारण तेथील चूक चाचणीच्या निवडीत क्वचित असते. ‘दिव्यांग कोणाला म्हटले’ या व्याख्येत, यादीत आणि प्रश्नाच्या शब्दांत ती असते, आणि प्रश्नावल्यांचे अर्ज भरून परत आल्यानंतर यातले काहीच बदलता येत नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे येतात. या जिल्ह्यांत दिव्यांगत्वावर काम करणारे संशोधक, विशेष शाळांतील शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांना समोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. मदत संख्याशास्त्र विभागातील प्राध्यापकाकडून मिळो, सल्ला कक्षाकडून मिळो किंवा शेजारच्या महाविद्यालयातील जाणकार मित्राकडून मिळो, कामाचा क्रम तोच राहतो.

पहिल्या भेटीपूर्वी एक कागद

सल्ला मागायला जाताना संपूर्ण सिनॉप्सिस नेण्याऐवजी एका पानाचा कागद न्यावा. त्यावर संशोधनाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा, अभ्यासाचा घटक कोण आहे (व्यक्ती, कुटुंब, शाळा की गाव) ते लिहावे, कोणत्या गोष्टी मोजायच्या आहेत त्यांची यादी करावी, आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कशी मोजणार हे लिहावे. प्रश्न एका वाक्यात मावत नसेल तर तो अजून ठरलेला नाही असे समजावे.

‘धुळे जिल्ह्यातील दिव्यांगांच्या समस्यांचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, ते शीर्षक आहे. ‘धुळे जिल्ह्यातील अस्थिव्यंग असलेल्या १८ ते ४० वयोगटातील व्यक्तींपैकी किती जण मजुरीचे काम करतात आणि हे प्रमाण स्त्री व पुरुषांत किती वेगळे आहे’ हा प्रश्न आहे, कारण त्यात काय मोजायचे, कोणात मोजायचे आणि कशाशी ताडून पाहायचे हे तिन्ही आले. पहिल्या भेटीतला बराच वेळ शीर्षकाचा प्रश्न करण्यातच जातो, आणि तो वाया गेला असे कोणी मानू नये.

संशोधक स्वतः दिव्यांग असेल तर आपल्याला काय सोयीचे पडते हे त्याने भेट ठरवतानाच सांगावे. विभाग दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे चित्र आपल्याकडे नवे नाही. अशा वेळी तळमजल्यावर बसायला कोणत्याही प्राध्यापकाची हरकत नसते, फक्त ते आधी कळायला हवे. दृष्टिहीन संशोधकाने सॉफ्टवेअर निवडतानाच हा विचार करावा. आर ही विनामूल्य संगणकप्रणाली लिखित आज्ञांवर चालते, त्यामुळे एनव्हीडीएसारख्या, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या विनामूल्य स्क्रीन रीडरबरोबर ती बऱ्यापैकी वापरता येते. न्यूझीलंडमधील मॅसी विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ जोनाथन गॉडफ्री हे स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी आरसाठी तयार केलेले ब्रेलआर हे पॅकेज आलेखाचे वर्णन शब्दांत करून देते. आलेख दुसऱ्याकडून वाचून घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

दिव्यांग कोण, हे आधी ठरवावे

या पायरीवर घाई करू नये, कारण पुढची सगळी आकडेमोड हिच्यावर उभी राहते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी त्यात २१ प्रकार आले. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेली व्यक्ती ही कायद्याच्या भाषेत लक्षणीय दिव्यांगत्व असलेली व्यक्ती ठरते आणि अनेक सवलती तिलाच मिळतात. ही झाली प्रमाणपत्राची व्याख्या. जनगणनेची व्याख्या वेगळी आहे. २००१ च्या जनगणनेत पाच प्रकार विचारले गेले, तर २०११ मध्ये आठ. २००१ मध्ये देशातील दिव्यांगांची संख्या २.१९ कोटी, म्हणजे २.१३ टक्के होती. २०११ मध्ये ती २.६८ कोटी, म्हणजे २.२१ टक्के झाली. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘दिव्यांगत्वात वाढ’ असा निष्कर्ष काढलेले प्रबंध आढळतात. मधल्या काळात प्रश्नच बदलला होता, त्यामुळे या वाढीपैकी किती भाग माणसांचा आणि किती प्रश्नाचा, हे नुसत्या या आकड्यांवरून सांगता येत नाही. नंदुरबारविषयी आणखी एक पेच आहे: हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला, म्हणून १९९१ चा धुळे आणि २०११ चा धुळे हे एकच क्षेत्र नव्हेत.

खानदेशापुरते बोलायचे तर सिकलसेलचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आदी समाजांत हा आजार आढळतो, आणि २०१६ च्या कायद्याने सिकलसेल आजाराचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला. २०११ च्या जनगणनेत मात्र तो स्वतंत्र प्रकार म्हणून विचारलेलाच नव्हता. म्हणजे धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यात कायद्याच्या व्याख्येने काम करणारा संशोधक आपला आकडा जनगणनेच्या आकड्याशी ताडून पाहू लागला, तर दोन वेगळ्या मापांनी मोजलेले धान्य तो एकाच पोत्यात ओततो आहे.

तिसरी व्याख्या कार्यक्षमतेची. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या पुढाकाराने २००१ मध्ये वॉशिंग्टन गट स्थापन झाला. त्याच्या लघु प्रश्नसंचात सहा प्रश्न आहेत: पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा लक्ष केंद्रित करणे, स्वतःची निगा राखणे आणि इतरांशी संवाद साधणे. प्रत्येकाला चार उत्तरे आहेत: अजिबात अडचण नाही, थोडी अडचण, खूप अडचण, अजिबात जमत नाही. सहांपैकी निदान एका प्रश्नाला शेवटच्या दोनपैकी एक उत्तर आले तर ती व्यक्ती दिव्यांगांत मोजण्याची शिफारस आहे. हे प्रश्न विचारताना प्रस्तावनेत ‘अपंग’ किंवा ‘दिव्यांग’ हा शब्दच उच्चारायचा नसतो. साठीच्या आजोबांना ‘तुम्ही दिव्यांग आहात का’ विचारले तर ते नाही म्हणतात; जिना चढायला किती त्रास होतो विचारले तर ‘खूप’ म्हणतात. मुलांसाठी मात्र हा संच वापरू नये. दोन ते सतरा वयोगटासाठी वॉशिंग्टन गट आणि युनिसेफ यांनी मिळून केलेला वेगळा संच आहे. मानसिक आजारही या सहा प्रश्नांत नीट पकडला जात नाही. तोच अभ्यासाचा विषय असेल तर दुसरे साधन शोधावे.

तिन्ही व्याख्या आपापल्या जागी योग्य आहेत. सवलतींच्या लाभाचा अभ्यास असेल तर प्रमाणपत्राची व्याख्या घ्यावी. गावात किती लोकांना अडचण आहे हे मोजायचे असेल तर कार्यक्षमतेची. एकीने नमुना निवडून दुसरीने निष्कर्ष काढणे, एवढे मात्र टाळावे.

प्रमाणपत्रावरील टक्क्यांविषयीही सावध राहावे. एकाच व्यक्तीत दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर टक्के थेट मिळवले जात नाहीत. मोठ्या टक्क्यांत, लहान टक्के गुणिले ‘९० वजा मोठे टक्के’ भागिले ९०, एवढे मिळवतात. म्हणून ५० आणि ३० मिळून ८० होत नाहीत, सुमारे ६३ होतात. शिवाय ४० टक्क्यांवर सवलती सुरू होत असल्याने या टक्क्यांचा आलेख काढून ४० च्या ठिकाणी उंचवटा आला आहे का, हे विश्लेषणाआधी पाहावे. अस्थिव्यंगाचे ४० टक्के आणि श्रवणदोषाचे ४० टक्के यांचा रोजच्या जगण्यातील अर्थ सारखा नसतो. तरीही सर्व प्रकारांचे टक्के एका रकान्यात टाकून त्यांचा उत्पन्नाशी सहसंबंध काढलेला कित्येकदा दिसतो.

प्रश्न अहिराणीत उतरवताना

प्रश्नावली मराठीत छापली तरी विचारली जाते ती अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरीत. क्षेत्रकार्य करणारा प्रत्येक मुलगा आपल्या मनाने भाषांतर करू लागला, तर जितके विचारणारे तितक्या प्रश्नावल्या होतात. म्हणून बोलीतील वाक्य आधीच ठरवून लिहून द्यावे. उदाहरणार्थ, दृष्टीविषयीचा प्रश्न: ‘तुमले चष्मा लाईसन बी दिसाले तरास व्हस का?’ आणि उत्तरे: ‘काहीच तरास नही, थोडा तरास, भलता तरास, जमसच नही.’ यातील ‘थोडा’ आणि ‘भलता’ यांच्यामधल्या रेषेवरच माणूस दिव्यांगांत मोजला जाणार की नाही हे ठरते. त्यामुळे पूर्वचाचणीत दहा-बारा जणांना उत्तर दिल्यावर ‘भलता म्हणजे किती, एखादं उदाहरण सांगा’ असे विचारून घ्यावे. दुसऱ्या जाणकाराकडून बोलीतील वाक्य पुन्हा मराठीत उलटवून घ्यावे आणि मूळ वाक्याशी जुळते का ते पाहावे.

तयार मापिका (उत्तरांना गुण देऊन मोजणारी प्रश्नावली) वापरताना तिची विश्वसनीयता पुण्या-मुंबईच्या नमुन्यावर काढलेली असेल, तर ती शहाद्याच्या आश्रमशाळेतील मुलांना आपोआप लागू होत नाही. आपल्या नमुन्यावर ती पुन्हा काढावी.

नमुना किती घ्यायचा

सल्ला कक्षात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि ‘१०० घेतले तर चालतील का’ असा तो येतो. कशासाठी, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

प्रमाण काढायचे असेल तर नेहमीचे सूत्र असे: १.९६ चा वर्ग, गुणिले प्रमाण, गुणिले ‘१ वजा प्रमाण’, भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. प्रमाण ५० टक्के आणि चूक ५ टक्के धरली की ३८५ येतात, आणि हाच आकडा गावोगावच्या प्रबंधांत फिरत असतो. आता दिव्यांगत्वाचे प्रमाण घेऊ. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीत, जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, देशात ते २.२ टक्के आढळले. सूत्रात ०.०२२ घालून चूक मात्र ५ टक्केच ठेवली तर उत्तर येते ३४. चौतीस माणसांत एकही दिव्यांग न सापडण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे! २.२ टक्क्यांच्या आकड्याला ५ टक्क्यांची चूक चालत नाही, ती अर्ध्या टक्क्यावर आणावी लागते. मग ०.०२२ गुणिले ०.९७८ गुणिले ३.८४१६, भागिले ०.००००२५ म्हणजे ३,३०७ माणसे लागतात.

येथेच थांबता येत नाही. आपण माणसे जिल्हाभरातून सुटी सुटी निवडत नाही. गाव किंवा पाडा निवडून तेथील वीस-वीस जणांना विचारतो. एका पाड्यातील माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून वीस जणांकडून वीस जणांइतकी माहिती मिळत नाही. याची भरपाई ‘१ अधिक (गटातील माणसे वजा १) गुणिले गटांतर्गत सहसंबंध’ या गुणकाने करतात; एका गटातील माणसे एकमेकांसारखी किती, याचे माप म्हणजे हा सहसंबंध. सहसंबंध ०.०५ धरला तर गुणक १.९५ येतो आणि ३,३०७ चे ६,४४९ होतात. दहा टक्के लोक भेटणार नाहीत असे धरून ०.९ ने भागले की ७,१६६. एवढे करूनही प्रत्यक्ष दिव्यांग व्यक्ती हाती लागणार सुमारे १४२. त्यांची प्रकार, लिंग आणि तालुका अशी फोड केली की बहुतेक चौकटीत दोन-तीन माणसे उरतात.

एकट्या पीएच.डी. संशोधकाला ७,१६६ माणसे गाठणे जमणारे नाही, आणि तसे स्पष्ट सांगणे हे सल्लागाराचे कामच आहे. त्याने मोजणीचा प्रश्न सोडून तुलनेचा किंवा अनुभवाचा प्रश्न घ्यावा. दोन गटांच्या सरासरीत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे प्रमाण विचलनाच्या निम्म्याइतका, पाच टक्के सार्थकता पातळीवर आणि ८० टक्के सामर्थ्याने (फरक खरोखर असेल तर तो सापडण्याची शक्यता) पकडायचा असेल तर प्रत्येक गटात ६४ व्यक्ती लागतात; फरक ०.८ विचलनाइतका मोठा अपेक्षित असेल तर २६ पुरतात. हे आवाक्यातले आहे.

यादी कोठून आणायची

तुलनेच्या अभ्यासासाठी दिव्यांग व्यक्तींची यादी लागते. जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, ग्रामपंचायतीची नोंद, समावेशित शिक्षणातील विशेष शिक्षकांकडील मुलांची माहिती, आशा सेविकांच्या वह्या, असे अनेक स्रोत असतात. ज्यांनी प्रमाणपत्र किंवा वैश्विक ओळखपत्र काढले तेच लोक सरकारी यादीत असतात. ज्या बाईला तालुक्याच्या शिबिराला नेणारे कोणी नव्हते, ती यादीत नसते आणि बहुधा तिचीच परिस्थिती सर्वांत बिकट असते.

हा फटका किती मोठा आहे याचा अंदाज दोन याद्यांवरून बांधता येतो. समजा, एका परिसरात सरकारी यादीत १२० नावे आहेत, आशा सेविकांच्या नोंदीत ९० आहेत आणि ६० नावे दोन्हीकडे आहेत. तर १२० गुणिले ९० भागिले ६० म्हणजे सुमारे १८० व्यक्ती असाव्यात. दोन्ही याद्या मिळून वेगवेगळी नावे १५०, म्हणजे तीसएक जण कोणाच्याच नोंदीत नाहीत. याद्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात ही यातील अट आहे. आशा सेविकेनेच लोकांना प्रमाणपत्र काढायला नेले असेल तर दोन्हीकडची नावे वाजवीपेक्षा जास्त जुळतात आणि अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. नावे जुळवताना ‘सुकलाल’ आणि ‘शुक्लाल’ एकच आहेत का, हे संगणकावर न सोडता गावातल्या माणसाला विचारावे.

क्षेत्रकार्य

नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून दिवाळीनंतर मोठ्या प्रमाणावर मजूर ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. त्या काळात घरी उरतात म्हातारी माणसे आणि ज्यांना काम जमत नाही असे लोक. जानेवारीत केलेल्या पाहणीत दिव्यांगत्वाचे प्रमाण फुगते ते यामुळे, कारण छेदातील धडधाकट माणसेच गावात नसतात. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी घरे बंद असतात, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात कोणाला दारोदार पाठवू नये. पाहणीचा महिना नमुना आराखड्याचाच भाग म्हणून ठरवावा आणि घर बंद मिळाल्यास किती वेळा परत जायचे हेही आधीच लिहून ठेवावे.

उत्तर कोणी दिले, याचा स्वतंत्र रकाना ठेवावा. कर्णबधिर मुलीच्या वतीने तिची आई बोलते, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाच्या वतीने त्याचा काका बोलतो, आणि हे उत्तर व्यक्तीच्या स्वतःच्या उत्तरापेक्षा वेगळे असू शकते. रकाना असेल तर विश्लेषणात दोन्ही गट वेगळे करून पाहता येतात. त्याआधी, ‘तिला काही कळत नाही, मीच सांगते’ या वाक्यावर मुलाखत वळवू नये. सांकेतिक भाषा जाणणारा माणूस सोबत असेल तर मुलगी स्वतःच सांगते.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना सर्वेक्षणांसाठी आणलेली एक युक्ती लहान संशोधनातही सहज वापरता येते. नमुन्याचे यादृच्छिक पद्धतीने दोन सारखे भाग करावेत, ते परस्परांत मिसळलेले असावेत, आणि प्रत्येक भाग वेगळ्या मुलाखतकाराकडे द्यावा. दोघांच्या आकड्यांत योगायोगाने येईल त्याहून मोठी तफावत दिसली तर ती विचारण्याच्या पद्धतीतली आहे. हे पहिल्या पन्नास अर्जांनंतरच तपासले तर प्रशिक्षण पुन्हा घेता येते.

संस्थात्मक नीतिमत्ता समितीची मान्यता क्षेत्रकार्याआधीच घ्यावी लागते. मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीबरोबर, सात वर्षांपुढील मुलाचा स्वतःचा होकारही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घ्यायचा असतो.

मास्टरशीट

मास्टरशीट म्हणजे सर्व उत्तरे एकत्र भरलेला तक्ता. मागे एका संशोधक विद्यार्थिनीने पाठवलेल्या अशा एक्सेल शीटमध्ये चार पर्यायांच्या प्रश्नाची सरासरी ९.७५ आली होती. पर्याय १ ते ४ असताना सरासरी ९ च्या पुढे कशी जाईल? चाळीस ओळींपैकी तीन ठिकाणी ‘उत्तर नाही’ यासाठी ९९ लिहिले होते आणि संगणकाने ते गुण समजून मिळवले होते. उरलेल्या ३७ जणांची खरी सरासरी होती सुमारे २.५. येथे चूक ढळढळीत होती म्हणून सापडली. ९९ ऐवजी ० लिहिला असता तर सरासरी २.३ आली असती आणि कोणाच्याही लक्षात आले नसते.

त्याच शीटमध्ये ‘प्रमाणपत्र आहे का’ या रकान्यात होय, हो, आहे, १ आणि ‘होय ’ (शेवटी मोकळी जागा असलेले) अशी पाच उत्तरे होती, आणि संगणकाने त्यांचे पाच गट केले. यावर उपाय साधे आहेत. एका व्यक्तीला एक ओळ, एका गोष्टीला एक रकाना. टक्क्यांच्या रकान्यात टक्क्याचे चिन्ह टाकू नये. उत्तर नसेल तर चौकट रिकामी ठेवावी आणि नकार दिला, लागू नाही, विचारले नाही यांतले कारण शेजारच्या रकान्यात लिहावे. एका व्यक्तीला दोन दिव्यांगत्वे असू शकतात, म्हणून ‘प्रकार’ असा एकच रकाना न करता प्रत्येक प्रकाराला हो-नाही असा वेगळा रकाना द्यावा. रंगांनी माहिती नोंदवू नये. पिवळ्या ओळी म्हणजे काय हे सहा महिन्यांनी भरणाऱ्यालाही आठवत नाही. कोणता आकडा काय दर्शवतो याची कोडसूची वेगळ्या पानावर असावी. सल्लागाराकडे शीट पाठवताना नाव, आधार आणि ओळखपत्राचा क्रमांक काढून टाकावा आणि स्वतःचा अनुक्रमांक द्यावा.

विश्लेषण

आराखडा नीट झाला असेल तर ही पायरी लहान असते. त्रुटी कोठे होतात तेवढेच सांगतो.

पाच मुलांवर उपक्रम राबवून आधी-नंतरचे गुण विल्कॉक्सन चाचणीने ताडणारे संशोधक भेटतात. पाचही मुलांचे गुण वाढले तरी या चाचणीचे दुहेरी पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही, म्हणजे ०.०५ गाठणे गणिताने अशक्य आहे. विशेष शाळेत एका प्रकारची सहा-आठच मुले असतात, तेव्हा एक-घटक प्रयोग आराखडा वापरावा: उपक्रमापूर्वी प्रत्येक मुलाच्या किमान पाच नोंदी घ्याव्यात, वेगवेगळ्या मुलांना उपक्रम वेगवेगळ्या आठवड्यांत सुरू करावा, आणि प्रत्येकाचा आलेख उपक्रमाच्याच वेळी वळतो का ते पाहावे. मार्गदर्शकांना हा आराखडा अपरिचित असेल तर सल्लागाराने त्यांच्याशी स्वतः बोलावे. ‘कमीत कमी तीस लागतातच’ हा समज विद्यार्थ्याच्या तोंडून खोडला जात नाही.

काय-वर्ग चाचणीत अपेक्षित वारंवारता पाचाहून कमी असलेल्या चौकटी जास्त झाल्या तर फिशरची अचूक चाचणी घ्यावी. ‘थोडी अडचण, खूप अडचण’ ही उत्तरे क्रमदर्शक आहेत, म्हणजे त्यांचा क्रम ठरलेला आहे पण दोन उत्तरांमधले अंतर मोजलेले नाही. त्यांची सरासरी काढण्यापेक्षा प्रत्येक उत्तराचे प्रमाण द्यावे. गावे निवडून नमुना घेतला असेल तर विश्लेषणातही गावांचा गट सांगावा लागतो, नाहीतर विश्वास अंतराल (खरे मूल्य ज्या मर्यादांमध्ये असावे त्या मर्यादा) खोटे अरुंद येते. चार मापिका आणि वय, लिंग यांसारखी पाच पार्श्वचले घेऊन वीस चाचण्या केल्या, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसताना आणि चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र धरून निदान एक ‘सार्थक’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मुख्य चाचणी कोणती हे आधी लिहून ठेवण्याचे कारण हेच.

या कामासाठी आर, जमोवी आणि जॅस्प या तिन्ही विनामूल्य प्रणाली पुरेशा आहेत. एसपीएसएसची परवानगी नसलेली प्रत वापरण्याचे कारण नाही.

पैसे घेऊन तक्ते करून देणाऱ्या दुकानांविषयी एक अनुभव सांगतो. अशाच एका ठिकाणाहून करून आणलेले प्रकरण माझ्याकडे आले, त्यात २२ तक्ते होते आणि प्रत्येकात पी-मूल्य ०.००० होते. मूळ शीट मागितली तर ती संशोधकाकडे नव्हती, दुकानातही नव्हती. अर्ज पुन्हा भरून घेण्यापासून सुरुवात करावी लागली आणि वर्ष गेले. पी-मूल्य कधीही शून्य नसते, सॉफ्टवेअरने ०.००० दाखवले तर ‘०.००१ पेक्षा कमी’ असे लिहितात.

लिहिताना आणि नंतर

प्रत्येक निष्कर्षासोबत फरकाचा आकार आणि विश्वास अंतराल द्यावे, आणि किती जणांनी उत्तर दिले ती संख्या प्रत्येक तक्त्यात द्यावी. मौखिक परीक्षेत ‘ही चाचणी का’ या प्रश्नाला ‘सरांनी सांगितली’ हे उत्तर चालत नाही. म्हणून शेवटच्या बैठकीत संशोधकाने आपला प्रत्येक तक्ता सल्लागाराला स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावा. जेथे अडखळेल तेथे पुन्हा बसावे. सल्लागाराने केवळ शंकानिरसन केले असेल तर ऋणनिर्देश पुरतो. आराखडा आणि विश्लेषण दोन्हींत त्याचा वाटा असेल तर शोधनिबंधात सहलेखकत्वाचा विषय काम सुरू होतानाच बोलून घ्यावा.

लहान गावांच्या तक्त्यांत ओळख उघडी पडते. ‘धडगाव तालुका, स्त्री, ३० ते ३५, कर्णबधिर, पदवीधर: १’ असा तक्ता छापला तर त्या तालुक्यातल्या कोणालाही ती कोण हे कळेल. पाचपेक्षा कमी संख्येच्या चौकटी एकत्र कराव्यात किंवा झाकाव्यात, आणि त्या बेरजेवरून वजा करून काढता येत नाहीत ना हेही पाहावे. नावांची यादी आणि अनुक्रमांकांची किल्ली मास्टरशीटपासून वेगळी, कुलूपबंद किंवा पासवर्डने बंद ठेवावी. संमतीपत्रात ती नष्ट करण्याची जी तारीख सांगितली असेल ती दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावी.